कपाळावरचं कुंकू आणि साडेसातच्या बातम्या

शालिनीताई आमच्या दुकानात पहिल्यांदा आल्या त्या बंद पडलेला रेडिओ घेऊन. खरं तर रेडिओ त्यांच्या यजमानांच्या खांद्यावर होता आणि ताई मागं पदर सावरत उभ्या होत्या. लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. लोणावळ्याच्या बाजारात तेव्हा रेडिओ दुरुस्त करणारं दुकान आमचं एकच, आणि मी वडिलांच्या हाताखाली नुकता तारांना कथलाचा डाग देऊन जोडायला शिकत होतो. यजमानांचं नाव दत्तात्रयराव. जवळच्या कुरवंडे गावचे, एका खासगी कारखान्यात फिटर, बोलके आणि हौशी. रेडिओ सुरू झाला तो नेमका बातम्यांच्या वेळेला. कुठंतरी खाणीत माणसं गाडली गेल्याची बातमी निवेदकानं सांगितली आणि त्याच दमात पुढं कसल्याशा उद्घाटनावर गेला. इतका वेळ गप्प असलेल्या ताई एकदम म्हणाल्या, "थांबायला हवं होतं त्यांनी. माणसं गेलीत."

दत्तात्रयराव हसले. "आमच्या घरात ही अशीच. रेडिओच्या चुका काढते," असं वडिलांना म्हणाले. वडील हसले नाहीत. त्या दोघांची पाठ वळल्यावर ते मला म्हणाले, "बशीर, त्या मुलीचं म्हणणं खरं होतं."

गौरव समितीच्या मंडळींनी ताईंच्या साठीनिमित्त मला लिहायला सांगितलं तेव्हा मी आधी नकार दिला होता. ज्याचा जन्म रेडिओचे आणि टीव्हीचे खोके उघडण्यात गेला, त्यानं लेख काय लिहावा? पण मंडळी ऐकेनात. ताईंच्या आवाजाबद्दल, उच्चारांबद्दल या ग्रंथात जाणकार लिहितीलच. टीव्हीमुळं साऱ्या महाराष्ट्राला त्यांचं आडनाव ठाऊक झालं, आम्हा लोणावळेकरांना त्याची कधी गरज पडली नाही. मला ठाऊक आहे ते त्यांचं पडद्यामागचं आयुष्य, आणि ते सांगू का म्हणून मी त्यांना विचारून घेतलं आहे. "लिहा," त्या म्हणाल्या. "फक्त त्यांचं नाव तेवढं नको." कुणाचं नाव, ते पुढं येईल.

दत्तात्रयराव लग्नानंतर तीनेक वर्षांनी आसामात गेले. तिकडं तेलाच्या कंपनीत फिटरला मान आहे, वर्षभरात जम बसवतो आणि सगळ्यांना नेतो, असं सांगून गेले. पोहोचल्याचं कळलं, त्यानंतर काही म्हणजे काही कळलं नाही. चौकशा झाल्या, तिकडच्या पोलिसांकडं माणूस जाऊन आला. अशा नावाचा माणूस आला होता आणि काम सोडून गेला, यापलीकडं कुणाला सांगता येईना. घरात भांडण नव्हतं, कसलं व्यसन नव्हतं. ज्याच्यावर रागवावं असं काहीच मागं ठेवून गेला नाही तो माणूस, आणि मला वाटतं तेच जास्त वाईट होतं.

त्यांची आई ठकूमावशी कुरवंड्याहून गाठोडं घेऊन उतरल्या आणि सुनेच्या दोन खोल्यांत येऊन राहिल्या. "पोरीला एकलीला कशी ठिवू?" एवढंच म्हणाल्या. ताई सासूबाईंना आत्या म्हणत. ताई तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत. सकाळी प्रार्थनेनंतर त्या मैदानात उभ्या राहून आदल्या दिवसाच्या बातम्या वाचून दाखवत, आणि शाळेच्या कुंपणाबाहेर दूधवाले सायकली थांबवून ऐकत. शाळेची तपासणी करायला आलेल्या एका साहेबांनी ते ऐकलं आणि ताई पुण्याच्या रेडिओवर अधूनमधून वाचू लागल्या. पुढं मुंबईत टीव्ही आला, तिथं आवाजाची परीक्षा झाली, आणि आमच्या शाळेतल्या बाई आठवड्यातले तीन दिवस साडेसातच्या बातम्या वाचू लागल्या. दुपारच्या गाडीनं घाट उतरायचा, बातम्या वाचून मामेबहिणीकडं मुक्काम करायचा आणि सकाळच्या गाडीनं वर यायचं, असं वर्षानुवर्षं चाललं.

काम कसं करावं हे मी त्यांच्याकडून शिकलो. गावाचं नाव अडलं तर त्या गावचं माणूस शोधून विचारत. इंदुरी, नवलाख उंबरे ही आमच्या भागातली नावं मुंबईतल्या एका सहकाऱ्यानं चुकीची वाचली तर दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला बसवून म्हणायला लावली होती, आणि वर "तिथली माणसं ऐकत असतात हो," असं सांगितलं होतं. माणसं दगावल्याची बातमी आली की ती संपल्यावर त्या एक श्वासभर थांबत. वरिष्ठांनी एकदोनदा टोकलं, वेळ जातो म्हणून. ताईंनी बाकीचं वाचन तेवढं आवरतं घेतलं, थांबणं सोडलं नाही.

माझी मधली मुलगी बोलताना अडखळायची. शाळेत मुलं हसत, म्हणून ती तोंडच उघडेनाशी झाली. ताई दर रविवारी दुकानात येऊन तिला समोर बसवत आणि तिच्याकडून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून घेत. दुकानात गिऱ्हाईक असलं तरी थांबत नसत. तिचं अडखळणं पुरतं गेलं नाही, पण भीती गेली. तिच्या निकाहाच्या दिवशी ती आधी ताईंच्या गळ्यात पडली, मग आईच्या. याचा माझ्या बायकोनं अजून थोडा राग धरला आहे, हेही इथं नोंदवून ठेवतो.

आता कुंकवाची गोष्ट.

आमच्या भागातल्या हिंदू घरांत जुनी रीत अशी, की घरचा माणूस परागंदा झाला आणि बारा वर्षं त्याची काही खबर आली नाही, तर दर्भाचा पुतळा करून त्याचं दहन करायचं, सुतक पाळायचं आणि त्याच्या बायकोचं कुंकू उतरवायचं. बारा वर्षं भरली तशी कुरवंड्याची भावकी ठकूमावशींकडं येऊ लागली. भावकीही काही वाईट नव्हती. जमिनीची वाटणी अडली होती, आणि गेलेल्याला गती मिळायला हवी असं त्यांना मनापासून वाटत होतं. दत्तात्रयरावांचे चुलते, ज्यांना सगळे आबा म्हणत, दर सणाला विषय काढत. मावशींचं उत्तर ठरलेलं होतं. "माज्या सुनंच्या कपाळाला कुकू हाय ना? मंग माजा दत्तू हाय. ज्या दिशी ती पुसंल त्या दिशी या."

आणि ताई रोज कुंकू लावत.

लोणावळ्यात टीव्हीचे संच तेव्हा मोजक्याच बंगल्यांत. बाजारात एक माझ्या दुकानात. पुण्याकडचा प्रक्षेपणाचा मनोरा उभा राहिल्यावर चित्र बरं दिसू लागलं आणि ताईंच्या बातम्यांच्या दिवशी माझ्या दुकानापुढं ही गर्दी होई. ठकूमावशींची लोखंडी खुर्ची सगळ्यात पुढं. त्यांना बातम्यांशी काही देणंघेणं नव्हतं. सून पडद्यावर आली की त्या मान पुढं काढून तिच्या कपाळाकडं बघत. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर कुंकू काळं ठसठशीत दिसे. ते बघितलं की मावशी मान हलवत आणि उठून चालू लागत. मी थट्टेनं म्हणायचो, "मावशी, देशाचं काय झालं ते तरी ऐका." त्या म्हणत, "माज्या देशाचं बगितलं म्या."

तिकडं स्टुडिओतली पद्धत ताईंनीच एकदा मला सांगितली होती. मेकअपमन आधी कपाळावरचं कुंकू पुसून टाकी, कारण त्याशिवाय पावडर सारखी बसत नसे. चेहरा झाला की ताई पर्समधली डबी काढून पुन्हा स्वतःच्या हातानं लावत. "पुसताना मी डोळे मिटून घेते, बशीरभाई," त्या म्हणाल्या होत्या. "सवय होत नाही."

त्याच काळात मुंबई केंद्रातले एक गृहस्थ लोणावळ्याला येऊ लागले. बातम्यांच्या विभागात होते, विधुर होते, वागायला फार सभ्य. येताना माहीमचा हलवा आणत. ताईंच्या घरी पंधरा मिनिटं बसत, मावशींच्या पाया पडत आणि उरलेला वेळ माझ्या दुकानात ट्रान्झिस्टरचे सेल निवडत काढत. इतके सेल लागणारा ट्रान्झिस्टर माझ्या तरी बघण्यात नाही. शेवटी एकदा त्यांनी मनातलं सांगितलं आणि मी ताईंशी बोलावं अशी विनंती केली. मी बोललो. ताईंनी काउंटरवरचा रेडिओचा एक निकामी व्हॉल्व्ह उचलला आणि परत जागेवर ठेवला.

"ते चांगले आहेत," त्या म्हणाल्या. "मला आवडतातही. तुमच्यापासून काय लपवायचं? पण मी हो म्हटलं तर आधी आत्यांच्या मुलाला जाळावं लागेल, बशीरभाई. त्या जगायच्या नाहीत."

ते गृहस्थ आणखी दोनदा आले, मग यायचे बंद झाले. त्यांची बदली झाली आणि तिकडंच त्यांनी लग्न केलं. ज्या दिवशी ताईंना हे कळलं त्या दिवशीही त्यांची साडेसातची पाळी होती. मी मुद्दाम बारकाईनं ऐकलं. आवाजात कुठं काही नव्हतं. मला मात्र त्या दिवशी दुकानात जास्त वेळ बसवेना.

त्यानंतर दोनेक वर्षांनी ते घडलं. घाटात मालगाडी अडकली आणि ताईंची गाडी रखडली. स्टुडिओत पोहोचल्या तेव्हा बातम्यांना जेमतेम पाच मिनिटं होती. मेकअपमननं कुंकू पुसलं, घाईघाईनं पावडर फिरवली, कुणीतरी हाताला धरून खुर्चीवर नेलं आणि दिवे लागले. डबी पर्समध्येच राहिली.

इकडं माझ्या दुकानापुढं नेहमीची गर्दी. ताई पडद्यावर आल्या, नमस्कार केला, आणि शेंगा फोडायचा आवाज थांबला. कपाळ कोरं होतं. ताई दोन्ही खांद्यांवरून पदर घेत, त्यामुळं गळ्यातलं दिसायचा प्रश्नच नव्हता. मला वाटलं संचात बिघाड आहे. मी उठून बटणं फिरवली. चेहरा काळवंडला, उजळला, पुन्हा काळवंडला, कुंकू काही उमटेना. दुसरीच बातमी होती ती उत्तरेकडं कुठंतरी बस नदीत कोसळल्याची, मृतांची ओळख पटली नसल्याची. ती वाचून झाल्यावर ताई नेहमीसारख्या थांबल्या. एवढं पुरे झालं.

"त्या गाडीतच दत्तू असनार," मागून कुणीतरी म्हणालं.

"व्हय की. बातम्या देनारीलाच आदी कळनार," दुसरं कुणी म्हणालं.

एकालाही शंका आली नाही. मलाही नाही, हे कबूल करतो. बातमी सांगणाऱ्या बाईंना बातमी कळली आणि तरीही त्या कर्तव्याला बसल्या, असंच सगळ्यांना वाटलं. बायका रडू लागल्या. ठकूमावशी तेवढ्या रडल्या नाहीत. त्या पडद्याकडं बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "चला घरला." माझ्या बायकोनं त्यांचा हात धरला. ती त्या रात्री त्यांच्यापाशीच राहिली.

सकाळी ताई गाडीतून उतरून घरी आल्या तेव्हा ओट्यावर कुरवंड्याची माणसं बसलेली. मी चहाची किटली घेऊन दारात होतो. ताईंच्या कपाळावर कुंकू होतं, नेहमीचं. त्यांनी माणसं बघितली आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"आत्या?" त्या मला म्हणाल्या. "बशीरभाई, आत्या गेल्या का?"

आबा उठून पुढं आले. "पोरी, तुज्या कपाळाला कुकू कसं गं?"

ताईंचा हात कपाळाकडं गेला. सगळं त्यांच्या ध्यानात आलं. "आबा, काल गाडीला उशीर झाला. लावायचं राहून गेलं. यांची काहीच खबर नाही. काही झालेलं नाही."

ओट्यावर कुणी हसलं, कुणी वैतागलं, कुणी टोपी काढून घाम पुसला. ताई कुणाकडं न बघता आत धावल्या आणि मावशींच्या पायांशी बसल्या. रात्रभर रडून मावशींचे डोळे सुजले होते.

"आत्या, माझी चूक झाली. ते आहेत. तुमचा दत्तू आहे."

मावशींनी त्यांच्या केसांवरून हात फिरवला. "न्हाई गं. न्हाई तो. आता परत जिता करू नगंस त्येला. माज्यानं पुन्यांदा न्हाई रडवनार."

"अहो, खरंच लावायचं राहिलं होतं."

"आसंल. पर मला कवाच ठावं हाय. पयल्या दोन वर्सांतच. त्यो आईला इसरनारा न्हवता. आसता तर आला आसता."

ताईंनी मान वर केली. "मग इतकी वर्षं भावकीला परत का पाठवलंत?"

"तुज्यासाटी. तू रोज लावायचीस. म्हनलं, हिला आशा हाय. हिचं कपाळ म्या कसं पुसू?"

"आत्या," ताई म्हणाल्या, "मी तुमच्यासाठी लावत होते."

मी किटली खाली ठेवली. मग मावशींनी हळूच विचारलं, "आनि त्यो हलवा आननारा? लय गुनाचा मानूस. त्यो कुटं गेला?"

"त्यांचं लग्न झालं, आत्या. दोन वर्षं झाली."

मावशींनी आपल्याच कपाळावर हात मारून घेतला. "दोगी बी येड्या," त्या म्हणाल्या. "दोगी बी येड्या गं आपुन." आणि सुनेला कुशीत घेऊन त्या पुन्हा रडल्या. या खेपेला मुलासाठी रडल्या असं मला वाटत नाही.

महिन्याभरात इंद्रायणीकाठी दर्भाचा पुतळा करून दत्तात्रयरावांना निरोप दिला. ताईंनी त्यानंतर कुंकू लावलं नाही. पडद्यावर कोरं कपाळ दिसू लागलं तशा लोकांच्या तक्रारी गेल्या, बघायला बरं दिसत नाही म्हणून. वरिष्ठांनी सुचवलं, शोभेपुरती टिकली लावा, कोण विचारतंय? ताईंनी नकार दिला. कारण मला सांगितलं ते असं, "इतकी वर्षं एक खोटी बातमी कपाळावर घेऊन मी खऱ्या बातम्या वाचल्या. आता नको." दुसऱ्या कुणी पुढं टिकली लावली तर ताईंनी तिला कधी नावं ठेवली नाहीत, हेही सांगायला हवं. त्यांचा हिशेब त्यांच्यापुरता होता.

ठकूमावशी त्यानंतरही माझ्या दुकानात येत राहिल्या. आता त्या शेवटपर्यंत बसत. पाऊसपाणी, संप, परदेशातली युद्धं, सगळं ऐकत, आणि उठताना म्हणत, "चांगलं बोलती माजी ल्येक." सून हा शब्द त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकला नाही. दुखण्याला पडल्या तेव्हा ताईंनी बातम्यांच्या पाळ्या सोडल्या आणि अखेरपर्यंत त्यांचं सगळं केलं. मावशी गेल्या त्यानंतर ताई दुकानात आल्या, त्याच लोखंडी खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "बशीरभाई, आता घरी गेलं की मला कुणी बघत नाही हो." साऱ्या महाराष्ट्रानं ज्यांना बघितलं त्या बाईंचे हे शब्द माझ्या काळजातून अजून गेलेले नाहीत.

आज ताई साठ वर्षांच्या झाल्या. शाळेतल्या मुली येतात, उच्चार सुधारून घेतात, पडवीत बसून मोठ्यानं वर्तमानपत्र वाचतात. प्रकृती बरी आहे, गुडघे कुरकुरतात. घर नीटनेटकं आहे, आणि संध्याकाळी फार शांत असतं.

गौरवलेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायचं असतं, ते ठाऊक आहे मला. तिथंच माझी लेखणी अडली. ताई वाकून नमस्कार करत तेव्हा वडीलधारी माणसं "अखंड सौभाग्यवती हो" म्हणत. लग्नात, हळदीकुंकवाला, देवळाच्या पायरीवर, सगळीकडं हाच आशीर्वाद, आणि त्यात मागणं असायचं ते दुसऱ्याच्या आयुष्याचं. पुढं पुढं तर तो माणूस या जगात नाही हे ओळखूनही त्या मान खाली घालून ते घेत राहिल्या. पुतळा जाळल्यावर तोही आशीर्वाद बंद झाला आणि त्याच्या जागी लोकांना दुसरं काही सुचलं नाही. मी उभा जन्म या बाईंच्या शेजारी काढला, आणि "तुम्ही जगा" असं त्यांना कुणी म्हणाल्याचं मला आठवत नाही. मीही म्हटलं नाही.

म्हणून ताई, आज सगळ्यांसमक्ष, माझ्या रीतीनं हात पसरून, तुमच्यासाठी दुवा मागतो. खूप वर्षं जगा. कुणाच्या वाटेकडं डोळे लावून नाही, कुणाचं मन राखायला नाही. हे आयुष्य तुमचं म्हणून मागितलं आहे.